खोगिरामागची ओल

१

देवपूजा झाली की मी शेडकडे जायचे. पूर्वी तिथे ह्यांची जीप उभी असायची. आता शेवंती, आमची घोडी, असते. निवडलेल्या दुर्वांतलं उरलेलं गवत, गाजराची सालं, उपासाच्या दिवशी रताळ्याची टोकं, असं काहीबाही पदरात घेऊन गेले की ती लांबूनच फुरफुरायची. आमचं घर कोरेगावच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. गाडी शिट्टी मारत गेली की भांडी वाजतात, पण शेवंतीने कधी मान वर केली नाही. एवढी ती शांत.

शांत होती म्हणूनच आणली. त्याच्या आदल्या वर्षी अबोली, आमची एकुलती एक लेक, पाचगणीला भाड्याच्या घोड्यावरून पडली होती. वाऱ्याने एक प्लास्टिकची पिशवी उडाली, घोडा बिचकला, आडवा झाला, आणि ही खाली. हात प्लास्टरमध्ये. हात बरा झाला तरी पोरीच्या मनातली भीती काही जाईना. पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला जायलासुद्धा कचरायला लागली. मग ह्यांनी, म्हणजे अनंतरावांनी, सांगलीकडच्या पायगोंडा पाटलांकडून ही घोडी घेतली. पाटलांची मुलगी ब्राह्मी लग्न होऊन गेली होती, घोडीवर बसायला कुणी उरलं नव्हतं.

"शेवंती आणि अबोली," हे म्हणाले. "तुझ्या परडीतली फुलं आता चंदी खायला लागली बघ."

पोरगी पुन्हा हसायला लागली, त्यात मला सगळं मिळालं. ती मला घोड्याचं शास्त्र शिकवायची. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे दोन बाजूंना, त्यामुळे पाठीमागचं त्याला दिसत नाही आणि अगदी नाकापुढचंही नाही. तिथून काही अचानक आलं की तो बुजतो. बुजायच्या आधी सांगतो मात्र. मान ताठ होते, श्वास अडतो, शेपूट दाबली जाते, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे दोन्ही कान वळतात. तेव्हा लगाम ओढायचा नाही. आपण श्वास सोडायचा, त्याचं तोंड हलकेच एका बाजूला घ्यायचं, गोल फिरवायचं, आणि लांबूनच ती वस्तू बघू द्यायची.

"मारायचं नाही का?" मी विचारलं.

"भ्यालेल्याला मारून काय मिळणार गं? तू मला पाल दिसली म्हणून मारायचीस का?"

"पाल बघून तू ताट टाकायचीस. तेव्हा वाटायचं."

२

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची, शिलाई मशीनची, विळी-खलबत्त्याची पूजा होते. त्या वर्षी घोडीची करायची ठरली. शेवंतीला न्हाऊ घातलं, कपाळाला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. अबोलीने खोगीर चढवलं. मी खोगिराच्या मागच्या कडेला, घोडीच्या पाठीवर, पाटावरचं लाल कापड अंथरलं, विड्याच्या पानावर तांदळाची रास केली आणि तिच्यावर सुपारी ठेवली. कुठलाही देव आणायचा तर आधी त्याला बसायला जागा द्यावी लागते. हात जोडून मी आवाहन केलं. संस्कृत येतं तेवढं म्हटलं, बाकी आपल्या भाषेत. म्हटलं, माझ्या लेकीच्या मागं बसा. तिला पडू देऊ नका.

शेवंती हललीसुद्धा नाही. सुपारी होती तशी राहिली.

घोडीला रात्रभर खोगीर घालून ठेवता येत नाही, म्हणून उत्तरपूजा त्याच दिवशी करायची होती. अक्षता वाहून, सुपारी जागची जराशी हलवून, देवाला निरोप द्यायचा. सगळ्या व्रतांत मी हे चुकवत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा कलशसुद्धा शुक्रवारी सकाळी हलवल्याशिवाय मी चहा घेत नाही. पण त्या दिवशी हात पुढे होईना. ज्याला राखायला बोलावलं, त्याला आता जा कसं म्हणायचं?

हे पेपर वाचत होते. "अगं, अक्षता टाक आणि मोकळी हो. नैवेद्य कधी वाढणार?"

"राहू द्या. असू दे सोबतीला."

सुपारी मी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. हलवली नाही, नुसती अलगद उचलली. आपल्या मनाशी आपण असले भेद करतो.

३

दिवाळी उलटून गेल्यावर पहिल्यांदा दिसलं.

अबोली कालव्याच्या वाटेने फेरी मारून आली. खोगीर उतरवलं, आणि मी खराऱ्याचा ब्रश घेऊन पुढे झाले. खोगिराखाली घोडीला घाम येतो, केस चिकटतात, तेवढा भाग काळपट दिसतो. ते मला माहीत होतं. पण त्याच्या मागे, पुठ्ठ्यांच्या अलीकडे, आणखी एक ओल होती. मधे कोरड्या केसांची पट्टी आणि मग ती ओल, दोन्ही बाजूंना खाली उतरलेली. तिथले केस दाबले गेले होते. वाळत घातलेल्या चादरीवर मांजर बसून उठावं तसे.

"खोगीर मागं सरकलं होतं का गं?"

"नाही." अबोलीने हात फिरवून पाहिला. "आज ऊन होतं ना."

ऊन तर सगळ्या पाठीवर पडतं, असं माझ्या मनात आलं. मग म्हटलं, आपल्याला काय कळतं घोड्यातलं. फडकं ओलं करून पुसून काढलं. ओल गार लागली. घाम असा गार लागत नाही, पण डिसेंबरची सकाळ होती, पाणी गार होतं, आणि मला कामं होती.

त्यानंतर शेवंती बुजायला लागली. एरवी ट्रॅक्टरच्या आवाजाने न हलणारी घोडी सरळ मोकळ्या वाटेवर मधेच थबकायची, अंग चोरायची, एकदम दोन उड्या पुढे घ्यायची. अबोली श्वास सोडायची, गोल फिरवायची, बोलायची. सगळं शिकल्याप्रमाणे.

"तिला दाखवू काय, तेच कळत नाही आई," ती एकदा जेवताना म्हणाली. "समोर काही नसतं. आणि तिचे कान पुढे नसतातच. दोन्ही मागे."

"तुझ्याकडे लक्ष असेल तिचं."

"असेल." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "सकाळी येताना सूर्य मागे असतो ना. तरी पाठीला ऊन लागत नाही. तुला हसू येईल, पण स्वेटर घालावासा वाटतो."

मला हसू आलं नाही. मी वाढायला उठले.

४

ह्यांनी पायगोंडाअण्णांना फोन लावला. अण्णा स्वतःच जीप घेऊन आले. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, कांदा-बटाटा वर्ज्य, म्हणून मी आल्यासरशी पोहे केले, नुसत्या कढीलिंबाच्या फोडणीचे.

"आवं वैनी, लय झाक झाल्यात," ते म्हणाले. "आमच्या घरात असं कुणी करीत न्हाई. पद्मावती ऐकत नसंल तवर सांगून घेतो." पद्मावती त्यांच्या बायकोचं नाव. मग बशी बाजूला ठेवली. "पर तुमी म्हंता ते काय मला पटंना. आमच्या दारात वरात गेली, फटाकड्यांची माळ लागली, तरी ही आपली चंदी खात हुबी. बुजंल कशी?"

"तुम्हीच बघा," हे म्हणाले. "नाहीतर म्हणाल, सातारकरांनी घोडी बिघडवली."

"ते तर म्हननारच. गिऱ्हाइकाचाच दोष असतोय कायम."

अण्णा आधी स्वतः बसले. साठीचा, भरल्या अंगाचा माणूस. शेवंती त्यांना घेऊन परसातून, रस्त्यावरून, शेजारच्या ऊसतोडीच्या गाड्यांजवळून गेली आणि आली. कान पुढे, शेपूट सैल. खोगीर काढलं तर मागचा भाग कोरडा.

"हाय का?" अण्णा म्हणाले. "आता पोरी, तू बस."

अबोली बसली. फाटकापर्यंत गेली आणि वळली. अण्णा हसत उभे होते, ते हसायचे थांबले. मला घोड्यातलं कळत नाही, पण मलाही दिसलं. शेवंतीची चाल बदलली होती. मागचे पाय जड पडत होते. पाठ मधे दबल्यासारखी. अबोली जेमतेम पन्नास किलोची पोर.

ती खाली उतरल्यावर अण्णांनी स्वतः खोगीर काढलं आणि तळहात त्या ओलीवर ठेवला. मग हात धोतराला पुसला.

"ही बुजत न्हाई, अनंतराव," ते हळू आवाजात म्हणाले. "बुजनारं जनावर म्होरं बघतंय. ही मागचं ऐकतीया. डबल बसल्यागत चालतीया घोडी." मग अबोली बघतेय हे ध्यानात येऊन त्यांनी आवाज चढवला. "काय न्हाई गं पोरी, कंबर भरली आसंल तिची. मी औषध धाडतो."

जीपपाशी मात्र ते ह्यांना म्हणाले, "न्यायची झाली तर मी टेंपो घिऊन येतो. पैशाचं बघू नगा. पर पोरीला बसवू नगा हिच्यावर."

"आणि ब्राह्मीला कधी असं...?" मी विचारलं.

"कवाच न्हाई, वैनी. आमच्याकडं हिच्या पाठीवर दुसरं कायबी बसलं न्हाई."

ते सहज बोलले. मी फाटक लावून घेतलं आणि देव्हाऱ्यातली सुपारी बघायला आत गेले.

५

ह्यांचं म्हणणं घोडी परत द्यावी. अबोलीचं म्हणणं एकच होतं. "ती गेली तर मी पुन्हा कधी बसणार नाही, बाबा. मला माहिताय मी कशी आहे. बसणार नाही आणि बाकीचंही काही करणार नाही."

"हातपाय मोडून घेण्यापेक्षा बरं."

"तुम्हाला ते बरं. मला नाही."

घरात अबोला झाला. मी दोघांना वेगवेगळी ताटं वाढली. मला दोघांचंही पटत होतं. रोज एकेक विचार करायचे. घोडी आजारी असेल. डॉक्टर येऊन तपासून गेले, काही नाही म्हणाले. हवा असेल. मग वाटायचं, तू ज्याला बोलावलंस तो बसलाय, यात भिण्यासारखं काय? देव जड असतो, पालखी उचलणारे सांगतात ना, खांद्याला जाणवतो. मला तर आनंद व्हायला हवा. मी नवस बोलले आणि तो ऐकला गेला. असं मनाशी म्हणत मी तुपात वात भिजवायचे आणि ती सरळ उभी राहीपर्यंत पुन्हा पुन्हा वळायचे.

त्याच आठवड्यात अबोली आम्हाला न सांगता घोडी घेऊन कालव्यावर गेली.

मी फाटकात उभी होते. ती लांबून दुडक्या चालीने येताना दिसली. पोर सुखरूप आहे एवढं बघून मी देवाचं नाव घेतलं. मग काहीतरी खटकलं. घोडीची आयाळ उडत होती, अबोलीच्या ओढणीचं टोक उडत होतं. तिची लांब वेणी मात्र पाठीला चिकटून स्थिर होती. मधे कुणाची छाती टेकलेली असावी तशी.

ती आली, उतरली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"बुजली?"

"पुलापाशी. एकदम उभीच राहिली मागच्या पायांवर. रिकिबीतून माझे दोन्ही पाय सुटले. मी पडायलाच हवं होतं, आई. कालव्यातच."

"मग?"

"पडले नाही." तिने डोकं उचललं. "कमरेला धरलं."

"कुणी?"

"तेच सांगतेय ना, धरलं."

आत नेऊन मी तिचा कुडता वर केला. कमरेच्या दोन्ही बाजूंना वळ होते, मागून पुढे आलेले. मी आधी हात जोडले, खरंच जोडले. पोर वाचली होती. मी मागितलं ते अक्षरशः दिलं गेलं होतं. मग ते वळ पुन्हा पाहिले. लांबट होते आणि बेंबीपाशी येऊन जवळजवळ मिळत होते. माझ्या लेकीची कंबर बारीक असली तरी कुणाच्या हाताची बोटं इतकी पुढे येत नाहीत. ती किती होती ते मी मोजलं नाही. हळद लावली आणि कुडता खाली केला.

मी आवाहन केलं होतं. येणाऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

६

ह्यांनी टेंपोसाठी फोन केला. अण्णा दुसऱ्या दिवशी येणार होते. अबोली खोलीचं दार लावून बसली.

सकाळी हे दूध आणायला गेले तेव्हा मी स्नान करून ओल्या केसांनी शेडकडे गेले. शेवंतीवर खोगीर चढवता येतं मला, अबोलीने शिकवलं होतं. पट्टा आवळला, तिला अंगणात मोकळ्या जागेत उभं केलं. देव्हाऱ्यातली सुपारी आणून लाल कापडावर ठेवली, होती तिथेच. अक्षता वाहिल्या. सुपारी हलवली. उत्तरपूजेत शेवटी पुन्हा यावं असं म्हणायचं असतं. ते शब्द माझ्या जिभेवर आपोआप येत होते, लहानपणापासूनची सवय. दात दाबून मी ते अडवले.

काही झालं नाही. शेवंती उभी. कान मागे. कातडी नुसती थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण सारखी.

एक मालगाडी गेली. तिचा आवाज विरेपर्यंत मी थांबले. मग माझ्या लक्षात आलं की मी त्याला निघायला सांगते आहे, पण त्याला राखायचं काम दिलंय ते तसंच आहे. काम असताना कोण जाईल?

मी जवळ गेले. घोडीच्या डाव्या बाजूला, जिथून माणसं उतरतात तिथे उभी राहिले. आवाज मोठा केला नाही. पाहुण्याशी बोलावं तसं बोलले.

"लेकीला तुम्ही राखलंत. उपकार झाले. आता तिला सोडा. राखायचंच असेल तर मला राखा. मी कुठं जात नाही, घरातच असते."

खोगीर करकरलं. पट्ट्याचं चामडं ताणलं गेल्याचा आवाज मला ओळखू येतो. ते डावीकडे, माझ्या बाजूला, कललं. डावी रिकीब सरळ ताठ झाली, पट्टा एखाद्या भरल्या पोत्याने ओढल्यासारखा, आणि रिकिबीच्या आत, उजेडात, एक फिकटशी ओल उठत गेली, पुढे निमुळती. पाऊल टेकलं की उठावी तशी. मी खाली पाहत होते. वर पाहिलं नाही.

मग पट्टा सैल पडला. शेवंतीने पाठ उचलली, डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं अंग झाडलं, अक्षता अंगणभर उडाल्या. तिने मोठा श्वास सोडला आणि खाली वाकून त्यातले तांदूळ टिपायला लागली.

७

अण्णांचा टेंपो रिकामा परत गेला. जाण्याआधी, मी ह्यांना गळ घातली म्हणून, अबोलीने त्यांना फेरी मारून दाखवली, कालव्याच्या पुलावरून जाऊन येऊन. खोगीर काढलं तर मागे पाठ कोरडी, केस मऊ.

"औषध लागू पडलं म्हनायचं," अण्णा म्हणाले.

"तुम्ही पाठवलंच कुठं?" हे म्हणाले.

"मग नुसत्या नावानंच पडलं. माझं औषध तसंच असतंय." जाताना मला म्हणाले, "वैनी, तुमी जरा आराम करा. थकल्यागत दिसताय."

अबोली आता रोज जाते. पुण्याची मुलाखतही देऊन आली. हे फोनवर नातेवाइकांना घोडीचे फोटो पाठवतात. घरात पुन्हा तिघांची ताटं एकदम वाढली जातात. मला आणखी काय हवं?

मी मात्र शेडकडे जाणं सोडलं आहे. मी गाजराची सालं घेऊन गेले की शेवंती मागे सरकते, भिंतीला टेकते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. बाकी सगळ्यांशी ती मेंढरासारखी. हे म्हणतात, तू तिला न्हाऊ घालताना साबण डोळ्यांत घातला असशील.

अबोलीला ते सहन होईना. काल सकाळी तिने मला अंगणाच्या मधोमध उभं केलं.

"आई, हलू नकोस. हात खाली ठेव. तिच्या डोळ्यांत बघू नकोस. मी तिला लांबून गोल फिरवते. तुला नीट बघू दे तिला. सवय होईल."

"उडालेल्या पिशवीची करतात तशी?"

"तशीच. तू गप्प उभी राहा फक्त."

ती घोडीला घेऊन माझ्याभोवती फिरायला लागली. आधी कुंपणाच्या कडेने, मग अलीकडून, मग आणखी अलीकडून. प्रत्येक फेरीला थांबायची, मान थोपटायची, काहीतरी पुटपुटायची. पोरीचा आवाज किती धीराचा झालाय, हे मी ऐकत होते. कान त्या आवाजाकडे ठेवून मी उभी होते. खांदे दुखत होते. हल्ली दुखतात.

शेवटी शेवंती माझ्या समोर आली. नाकपुड्या फुललेल्या. तिने मान लांब केली. मला वाटलं, आता माझा हात हुंगेल. पण तिचं तोंड माझ्या गालाजवळून पुढे गेलं, खांद्याच्या वरून, माझ्या मागे. तिथे ती बराच वेळ हुंगत राहिली. तिचा गरम श्वास मला लागत नव्हता. मधे कुठेतरी अडत होता.

"बघ, सरावली," अबोली म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"हो गं," मी म्हटलं. "आता जा तू. ऊन चढायच्या आत फेरी मारून ये."

टापांचा आवाज फाटकाबाहेर जाऊन कालव्याच्या वाटेला लागला, सरळ, एका लयीत. तो ऐकू येईनासा होईपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग घराकडे निघाले, सावकाश, पायरीवर भिंतीचा आधार घेत.